दुसरं तारण

आराबा: सोनं घेऊन गेलेली होडी कापडाचे गठ्ठे घेऊन आली. माझा एसुमान कुठाय, ओतू?

ओतू: ताई, आधी बस तरी. सांगतो ना सगळं.

आराबा: वलंदेजाकडून बंदुका उधार आणल्यास आणि भाच्याला त्याच्या जहाजावर तारण ठेवून आलास. वरच्या मुलखातनं सोनं आलं की सोडवतो म्हणालास. आलं ना सोनं?

ओतू: आलं. पण मधेच तो इंग्रज येऊन नांगर टाकून बसला. त्याच सोन्याला दुप्पट कापड देतो म्हणाला. या गोऱ्या टोपीकरांना एकमेकांत झुंजवूनच तर मी हे घर वर आणलं, ताई. म्हटलं, वलंदेज थांबेल थोडे दिवस. नेहमी थांबतो.

आराबा: क्वेगीर, होडी तू वल्हवलीस. तू बोल.

क्वेगीर: मी चाकर माणूस, काय बोलू, आई. मालक म्हणाले, इंग्रजाकडं चल. वाट वलंदेजाच्या जहाजाखालनंच जाती. दुसरीकडनं लाटा जाऊच देत न्हाईत.

आराबा: एसुमान दिसला?

ओतू: आता ते कशाला...

आराबा: तू गप.

क्वेगीर: दिसला की. आमची होडी बघून हसला. सोनं वर घ्यायला दोर सोडला त्यानं.

आराबा: आणि?

क्वेगीर: मालक म्हणाले, वल्हव. दोर माझ्या खांद्याला लागून मागं गेला, आई. त्यांचा कप्तान कठड्याशी उभा राहून बघत व्हता. आम्ही इंग्रजाकडं पोचतोय तोवर वलंदेजाची शिडं वर.

आराबा: हाक मारली एसुमाननं?

क्वेगीर: मारली. मामा, दोर इकडं हाय, म्हणाला. त्याला वाटलं, आम्हाला दिसलाच न्हाई.

ओतू: माझ्या काळजाला घरं पडली नसतील का? अशी बघू नकोस माझ्याकडे.

आराबा: पोटचे तीन मुलगे आहेत तुला. त्यातला एक ठेवायचा होतास.

ओतू: वेड्यासारखं बोलतेस. मुलगे बायकोच्या घराण्याचे, त्यांच्यावर माझा काय हक्क? भाचा आपला. माझ्यामागं या घराचा धनी तोच. म्हणून तर वलंदेजानं पत्करला त्याला.

आराबा: बराच सोयीचा हक्क आहे रे तुझा! तो बघ त्याचा चौरंग, गेला त्या दिवसापासून भिंतीशी आडवा करून ठेवलाय. घरचा माणूस समुद्रावर असेपर्यंत दुसरं कुणी बसू नये म्हणून. रोज पुसते मी तो.

ओतू: तोच सरळ करायचं बोलायला आलोय. पुढच्या बंदरात वलंदेजाला गाठून त्याचं देणं भरतो, म्हणतोय इंग्रज. एसुमानला आणून देतो म्हणतोय.

आराबा: फुकट?

ओतू: फुकट कोण करतंय? दिलेलं कापड तो परत घेत नाही. नवं सोनं येईपर्यंत त्याला आपलं एक माणूस हवंय.

आराबा: कुठलं माणूस?

ओतू: ताई, घराण्यातला आता आन्साच तेवढा राहिलाय.

आराबा: माझा धाकटा.

ओतू: थोडेच दिवस गं! इंग्रज शब्दाचा पक्का आहे.

आराबा: वलंदेजही पक्काच होता, तू शब्द मोडेपर्यंत.

ओतू: मग तू सांग उपाय! एसुमान तिकडं कुठल्या बाजारात विकायला उभा राहायचा, ते मला कळत नाही का?

आराबा: कळतं म्हणूनच सांगते. या घराची थोरली मी. वारस तारण चालतो, तर धनी जास्तच चालेल.

ओतू: म्हणजे?

(आराबा उठते. ओतू बसायचा तो चौरंग उचलून भिंतीशी नेते आणि एसुमानच्या चौरंगाशेजारी आडवा करते.)

ओतू: ताई, तो माझा चौरंग आहे.

आराबा: माहीत आहे. तोही रोज पुसत जाईन. क्वेगीर, होडी काढ.