वाखाचा वास

आमचं गाव अंबाजोगाईच्या अलीकडं, आणि आमच्या घराचं काम दोरखंडाचं. कासरा, दावं, चऱ्हाट, गावातल्या बैलांच्या अंगावर जे काय असायचं ते आमच्या आबांच्या हातचं. आबा म्हणजे माझे वडील. बांधाबांधाला केकताड असायचं, तुम्ही पुस्तकात घायपात म्हणता ते, त्याची काटेरी पानं तोडून आणायची, ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबायची, पंधरा दिवस कुजू द्यायची, मग बडवून बडवून धुवायची, की आतून पांढरा वाख निघतो. तो वळला की दोर. पण वास, काय सांगू तुम्हाला, तो आबांच्या हाताला, धोतराला, जेवायच्या ताटालासुद्धा. शाळेत पोरी माझ्यापासून सरकून बसायच्या. आबा जवळ घ्यायला आले की मी म्हणायची, आधी हात धुवा. ते हसून धुवायला जायचे, आणि धुतल्यावर वास तसाच.

त्या वासापासून पळत मी केमिस्ट्री शिकले, आणि नशीब बघा, नोकरी लागली ती वास घ्यायचीच. इथं परदेशात, जुरोंग ईस्टला आमची लॅब आहे. सरबतं, सॉस, दारू, बाजारात जायच्या आधी आमचं पॅनेल हुंगतं, चाखतं, थुंकतं आणि शीट भरतं. अकरा वर्षं झाली. दारू गिळायची नाही हं, गावाकडं लोकांना वाटतं ही तिकडं पगार घेऊन पिते. आणि लॅबमध्ये मी कधी बोलले नाही की बाप दोर वळायचा. विचारलं तर म्हणायची, फार्मिंग. त्यात खोटं काय, शेतकऱ्यांचंच काम ना, पण लाज होती ती, सरळ सांगते.

आबा गेले तेव्हा विमानं बंद होती. भावानं मोबाइलवर दाखवलं सगळं. मी इथं बेडोकच्या फ्लॅटमध्ये उभी, पाचव्या मजल्यावर, हातात तो मोबाइल. चेहरा दिसला, रडणं ऐकू आलं. त्यानंतर मला आबांची आठवण यायची ती चित्र आल्यासारखी, जवळ काही यायचंच नाही.

तर मागल्या महिन्यात मेस्काल आली. मेक्सिकोतली दारू, धुरकट लागते. सॅम्पल चार, ग्लासवर नुसते नंबर, कुणाची कुठली काही कळू देत नाहीत. पहिले दोन बरे होते. तिसरा नाकाशी नेला आणि माझा हात आपोआप लांब झाला. चाखायच्या आधीच मी लिहिलं, कुजका, साठलेलं पाणी, फॉल्ट. कारण विचाराल तर काही नाही, लहानपणापासूनची सवय. माझं नाक पॅनेलवर सगळ्यात तेज समजतात, मी फॉल्ट म्हटलं की माल परत. शीट दिली आमच्या सिनियर बाईंकडं, मे त्यांचं नाव, चिनी आहेत, वयानं मोठ्या.

सगळ्यांच्या शीट जमा झाल्या की मे माहितीचा कागद वाचून दाखवतात. तिसरा नंबर म्हणे एका म्हाताऱ्याचा, अगावे नावाच्या झाडाच्या तीन जाती एकत्र करून केलेला, गड्डे खड्ड्यात भाजून, ठेचून, धाग्यांसकट पिंपात आंबवलेला. कागदावर त्या झाडाचा फोटो होता. मी बघितला आणि मनात म्हणलं, अगं हे तर केकताड. धाग्यांसकट म्हणजे वाखासकट. मी परत तो ग्लास उचलला, आणि यावेळी हात लांब केला नाही. आधी धूर, मग भाजल्या रताळ्यासारखं गोड, आणि त्याच्या तळाशी आबा. धुवून आलेले हात, तरी उरलेला तो. मी स्टूल ओढून बसले.

आता शीट दिल्यावर मार्क बदलता येत नाही, असा नियम. परत टेस्टिंग मागायचं तर लेखी कारण द्यायचं, आणि कारण काय देणार? हा फॉल्ट नाही हे मला कसं माहीत? अर्धा तास पेन घेऊन बसले. तिकडं त्या म्हाताऱ्याचा माल माझ्या एका शब्दावर परत जाणार होता. शेवटी लिहिलं, माझे वडील याच झाडाचा दोर वळायचे, हा वास कुजल्याचा नाही, धाग्याचा आहे, मी तो ओळखते. मे यांनी वाचलं, माझ्याकडं बघितलं, म्हणाल्या, अकरा वर्षं तू सांगितलं नाहीस. मी म्हणलं, नाही सांगितलं. परत टेस्टिंग झालं. मे म्हणाल्या, मला हा वास अजूनही आवडत नाही, पण फॉल्ट नाही. माल पास झाला.

मी त्यातली एक बाटली विकत घेतली. घरी उघडली तर माझी लेक इथल्या पोरांच्या बोलीत म्हणते, मम्मी, स्मेल्स फनी लाह, आणि खिडकी उघडली. तिचं काही चुकलं नाही, तिनं आबांना असं किती पाहिलंय.

मग आईला फोन लावला. आमची आई, काय सांगू, गल्लीत कुणी पिऊन आलं तर दार लावून घेणारी बाई. तिला म्हणलं, आई, इकडं केकताडाची दारू मिळते. ती म्हणाली, शी, आणि वास कसाय तिचा? मी म्हणलं, आबांसारखा. आई हळूच म्हणाली, दिवाळीत येशील तेव्हा आण. पिणार नाही मी, उशाशी ठेवीन.