शेपूट तोडलेले शंख

माझे नाव पेशन्स बारिना देबोम, वय ६१ वर्षे, धंदा खाडीतले शंख वेचणे (चौदा वर्षांपासून बंद), राहणार केगारा, रिव्हर्स राज्य, नायजेरिया. ठाण्यातून बोलावणे आल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

चौदा वर्षांपूर्वी आमच्या खाडीत तेलाचा नळ फुटला. वरचे तेल भरतीने नेले, तळाचे तिथेच आहे. ओहोटीला चिखलात टाच रुतवली की खड्ड्यात आजही तवंग येतो. आधी चिखलातले किडे गेले. मग कुर्ल्या गेल्या, त्यांची बिळे बुजली. मग शंख. परत येतील तेही त्याच क्रमाने, आणि अजून किडासुद्धा आलेला नाही. हे समजायला शाळा लागत नाही. सफाई ठेकेदाराचे साहेब श्री. फ्रायडे न्वीका बरेच शिकलेले असल्याने त्यांना समजत नाही. ते आमच्याच गावचे, याच खाडीतले शंख खाऊन मोठे झालेले.

काल मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी असताना ते दोन सरकारी पाहुणे, एक टेबल आणि खाडी पूर्ववत झाल्याचा दाखला घेऊन आले. दाखल्यावर वेचणाऱ्या बायकांतर्फे माझा अंगठा लागतो. तो उठला की सफाई बंद, आणि तळाचे तेल आमच्या नातवंडांना. श्री. न्वीका यांनी चिखलात पडलेले पन्नासेक शंख दाखवले व म्हणाले, "आई, बघा, सगळं परत आलंय. आता तरी हसा."

मी एक शंख उचलला. त्याचे टोक तोडलेले होते. दुसऱ्याचेही तसेच. बाजारात विकणाऱ्या बाया कोयत्याने शंखाचे शेपूट उडवून देतात, त्याशिवाय खाताना गर चोखून निघत नाही. साहेबांनी खोटेपणा करायला निघून तयार माल उचलून आणला. न तोडलेले मागून घ्यावेत एवढीही अक्कल चालली नाही.

मी विचारले, "फ्रायडे, शंख आपलं शेपूट आपणच तोडून रश्शात जायला तयार होऊन वर येतो काय रे?" एक पाहुणा हसला. श्री. न्वीका म्हणाले की ही नवीन जात असावी. त्यावर मला काही सांगायचे नाही.

मी टाच रुतवली, खड्ड्यात हात बुडवला आणि तो पंजा अंगठ्याच्या जागी दाबून दाखल्यावर तेल फासले. साहेबांना ढकलले नाही. मागे सरताना ते आपले आपणच पडले. खाडीकाठी जन्मून त्यांना चिखलात उभे राहता येत नाही, यात माझा गुन्हा नाही.

जबाब लिहून घेणाऱ्या शिपाईबाईंनी वरील मजकूर मला आमच्या भाषेत वाचून दाखवला. एक चूक निघाली. "दाखल्यावर चिखल फासला" असे लिहिले होते. जप्त दाखला टेबलावरच होता, तो मी त्यांना हुंगायला सांगितला. त्यांनी हुंगला आणि 'चिखल फासला' खोडून 'तेल फासले' लिहिले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. या कागदावर अंगठा देते.