देवनहळ्ळीच्या शाळेची भिंत

अध्यक्षस्थानी असलेले आमच्या फर्मचे मालक सुधींद्र अण्णा, आज निवृत्त होणारे आमचे ड्रॉइंग विभागप्रमुख यशोवर्धन सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या हर्षिताकाकू आणि बसवनगुडीच्या या सभागृहात आवर्जून आलेल्या सर्व स्नेह्यांना मैत्रेयीचा नमस्कार.

सरांच्या गुणांबद्दल अण्णा बोललेच. मी फक्त एक सकाळ सांगते. अण्णा, रागावू नका हं!

आपल्यातल्या बऱ्याच जणांना हॅच ठाऊक नसेल. नकाशात भिंतीच्या आत ज्या तिरप्या रेघा भरतो, तो हॅच. राखायच्या भिंतीला एक, पाडायच्या भिंतीला दुसरा. देवनहळ्ळीच्या एका शाळेची दुरुस्ती चालू होती. पाठवून झालेला नकाशा मी सहज बघत होते आणि एका कोपऱ्यावर थांबले. दोन भिंती मिळतात तिथली एक रेघ राहून गेली होती. रेघ नसली की संगणकाला दोन्ही भिंती एकच वाटतात. आडोशाच्या भिंतीत भरलेला पाडण्याचा हॅच शेजारच्या भिंतीतही पसरला होता. आणि तिसरीच्या वर्गाचं छत त्याच भिंतीवर होतं!

"सर, ही पाडायची आहे का?"

सरांचा चेहरा उतरला. कंत्राटदार गिरीराज फोन उचलेना. अण्णा, सर आणि मी गाडीत बसलो. हेब्बाळला वाहतुकीच्या कोंडीत गाडी जागची हलेना, तेव्हा अण्णा म्हणाले, "स्वल्प थांबा. आधी जाऊन बघू. शाळेला आत्ताच कशाला घाबरवायचं?"

सरांनी तोवर मुख्याध्यापिकांना फोन लावला होता. "मॅडम, तिसरीचा वर्ग आत्ता रिकामा करा. काम थांबवा. चूक आमच्या नकाशात आहे."

"रेघ कुणाकडून राहिली?" मी विचारलं.

"सही माझी आहे," एवढंच ते म्हणाले.

पोहोचलो तेव्हा मुलं दप्तरं घेऊन मैदानात उभी होती. भिंतीचा वरचा भाग उतरवलेला, आणि छताला चीर. त्या वर्गात ती मुलं अजून थोडा वेळ बसली असती तर? छताखाली टेकू लागेपर्यंत सर तिथून हलले नाहीत. कुणाला ओरखडाही आला नाही. पुढचं काम मात्र शाळेने दुसऱ्या फर्मला दिलं. तरी भिंत पुन्हा उभी राहीपर्यंत सर सुट्टीच्या दिवशी तिकडे जात राहिले. त्या फोनबद्दल अण्णांनी त्यांना कधी शब्दानेही बोल लावला नाही. त्यांचाही मोठेपणा सांगायला हवा.

सोमवारपासून नकाशांवर माझी सही असेल. आज सकाळी मी सरांना म्हटलं, "मला फार भीती वाटते हो."

सर म्हणाले, "वाटू दे. ज्या दिवशी वाटणार नाही, त्या दिवशी मला फोन कर."

सर, काकू, आपण आम्हाला खूप दिलंत. सर्वांची मी ऋणी आहे. बोलताना मर्यादा सुटली असेल तर आपलीच समजून सांभाळून घ्या.