चार बटनं दाबायची निवडनूक

माहेर माजं मावळातलं, लग्न करून आले तवा हे गावच व्हतं, पुढं भाताची खाचरं, मागं टेकडी, स्वारगेटला जायाचं म्हंजे दिवस मोडायचा. आता खिडकीतनं मान वर केली तर टॉवरमधली बाई कपडे वाळत घालताना दिसती. काय सांगू तुम्हाला, सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं तवा धाकट्या दिरानं मला उभं केलं, वहिनी तुम्ही नुसतं नाव द्या, बाकी मी बघतो म्हनला, आन मी दिलं, मालक माजे गेलेले, मला कोन इचारनार व्हतं.

वरीसभर त्योच बघत व्हता, मी सही करून घरी. मंग वरच्या आळीला पानी येईना, बायका माज्याकडं आल्या, सरपंच तू हायस ना शालन, म्हनल्या. पुढच्या ग्रामसभेत मी पहिल्यांदा उभी राहिले आन बोलले, पान्याची लाईन आधी वरच्या आळीला, मंग भाऊजींच्या प्लॉटिंगला. ठराव झाला, पानी आलं. दीर माज्याशी बोलायचा बंद झाला तो झालाच.

आन मंग गाव शहरात गेलं, एका कागदानं. पंचायतीचं दप्तर टेम्पोत घालून नेलं. वाटलं, आता पालिकेत आमचं कुनीतरी बसंल, तर वर्षानुवर्षं निवडनूकच नाही. पानी परत कमी झालं, बायका सवयीनं माज्याच दारात. त्यांना घेऊन हापिसात गेले, मी माजी सरपंच हाय म्हनलं, तर तिथला कारकून म्हनला, अहो, गावच राहिलं नाही, तर सरपंच कुठला?

शेवटी निवडनूक लागली. आमचं गाव, शेजारची दोन आन हे सगळे टॉवर मिळून एक प्रभाग, त्यात चार जागा, दर मानसानं चार बटनं दाबायची. मी अपक्ष उभी राहिले. समोर दिरानं त्याची सून उभी केली, प्राजक्ता, पक्षाच्या चौघांत. बॅनरवर सासऱ्याचा फोटो तिच्याहून मोठा. मी प्रचाराला टॉवरच्या गेटवर गेले, वॉचमननं इचारलं, कोणत्या फ्लॅटला जायचंय? सगळ्याच, म्हनले. त्यानं सोडलं नाही.

मतदानाला आमच्या म्हाताऱ्या माजं बटन दाबून निघाल्या, तर आतल्या सायबानं परत बोलावलं, आजी, अजून तीन राहिलीत. त्यांच्या वळखीचं नाव एकच. सखूआजी बाहेर येऊन म्हनली, शालन, बाकीची तीन कुनाची दाबली मला ठावं नाही गं. टॉवरवाल्यांनी एकच चिन्ह चार वेळा दाबलं आन गाडीत बसले. मी पडले.

प्राजक्ता पेढे घेऊन आली, पाया पडली, रडायला लागली. मोठ्या आई, मला उभं राहायचंच नव्हतं, म्हनली. मी डोक्यावर हात ठेवला, म्हनले, सुखी रहा. पोरीवर माजा राग नाही.

आता चार नगरसेवक हायेत आन पानी दिवसाआड. एकाला इचारलं तर ते दुसऱ्याचं काम म्हनतो, दुसरा तिसऱ्याकडं बोट दाखवतो, प्राजक्ताचा फोन सासरा उचलतो. परवा वरच्या आळीच्या बायका इचारत व्हत्या, ह्या चौघांत आपला कोनता? मला म्हाईत नाही म्हनले. तवापासनं माज्या दारात कुनी येत नाही. बरं झालं, जीव मोकळा झाला, असं लोकांना सांगते. झाला नाही.