धुतलेलं धुणं

सिस्टर : ...आणि इथे सही. 'पर्यावरण भागीदार' लिहिलंय ना, त्याच्याखाली.

लाँड्रीवाले : सही करतो हो. आधी ही गाठ बघा.

सिस्टर : कसली गाठ, काका? मला ऑपरेशन थिएटरमध्ये ट्रे लावायचेत.

लाँड्रीवाले : गाऊनच्या नाड्यांची. आमच्या घरची गाठ आहे ही. बायको या आठवड्यापासून बांधते. एक टोक ओढलं की सुटते, आत तुमची घाई असते म्हणून. सोमवारी गाऊन धुऊन, ही गाठ बांधून दिली, आज मळक्या कपड्यांच्या पिशवीतून परत आली. जशीच्या तशी!

सिस्टर : राहिला असेल एखादा घालायचा.

लाँड्रीवाले : एखादा? सगळी पिशवी तशीच आहे.

सिस्टर : हळू बोला.

लाँड्रीवाले : तीन महिने गप्पच होतो. डाग नाही, घामाचा वास नाही. बायको म्हणते, इथले डॉक्टर काय सफाईदार हाताचे, एक थेंब उडू देत नाहीत. मीही मान हलवली, नंदीबैलासारखी.

सिस्टर : (दार लोटून घेत) ऐका. मोठे सर कापडी गाऊन घालत नाहीत. उकडतं म्हणतात. पहिल्याच आठवड्यात घातला, काढला आणि माझ्या अंगावर फेकला. तेव्हापासून सगळे पुन्हा तेच जुने गाऊन घालतात, एकदा वापरून कचऱ्यात फेकायचे.

लाँड्रीवाले : मग आमच्याकडे कशाला पाठवता?

सिस्टर : कचरा कमी करायचा म्हणून जो करार केलाय, त्यात आहे म्हणून. आठवड्याला दोनशे कापडी गाऊन धुवायला गेले पाहिजेत. घातले पाहिजेत, असं कुठेच लिहिलेलं नाही.

लाँड्रीवाले : म्हणजे मी धुतलेलं धुतोय? तुमच्या जिन्यात पाटी, 'थेंब थेंब पाणी वाचवा', आणि मी इथे टाक्याच्या टाक्या ओततोय स्वच्छ कापडावर! डोकं फिरलंय का सगळ्यांचं?

सिस्टर : मला काय आनंद होतो? रोज मीच ते गाऊन पिशवीत कोंबते. गाठ सोडून, घातल्यासारखे चुरगाळायची तेवढी लाज वाटली.

लाँड्रीवाले : मॅनेजरसाहेबांना सांगा ना.

सिस्टर : सांगितलं. म्हणाले, धुतलेल्या गाऊनचा आकडा छान येतोय, तुम्ही कशाला नाक खुपसता? उद्या हॉस्पिटलला पर्यावरणाचं बक्षीस द्यायला पाहुणे येतायत. त्यासाठीच तुमची सही हवीय.

लाँड्रीवाले : आणि नाही केली तर?

सिस्टर : तुमचं काम जाईल. कापडी गाऊन अडगळीत जातील, आणि मग ते पुन्हा कुणी बाहेर काढणार नाही.

लाँड्रीवाले : बायको रोज धुऊन धुऊन तुटलेल्या नाड्या शिवत बसते हो, डोळे ताणून. तिला काय सांगू? तुझी गाठ कुणी सोडलीच नाही म्हणून?

सिस्टर : ...तो कागद द्या इकडे.

लाँड्रीवाले : फाडताय?

सिस्टर : नाही. खिशात ठेवतेय. उद्या नऊला पहिलं ऑपरेशन. सरांच्या शेजारी मी उभी असते. मी कापडी घालणार. आणि त्या वापरून फेकायच्या गाऊनच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. ती उद्या सापडणार नाही.

लाँड्रीवाले : सर ओरडतील.

सिस्टर : ओरडू देत. बाहेर पाहुणे बसलेले असतील, त्यांनाही ऐकू जाईल.

लाँड्रीवाले : सिस्टर... डाग पडेल ना?

सिस्टर : पडेल की. ऑपरेशन आहे ते.

लाँड्रीवाले : मग तो गाऊन वेगळा बांधून द्या. तिला दाखवायचाय.