तळं की नदी

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या शिंपीणबाईंचे कान शेजारच्या जोडप्याकडे लागले होते. नवऱ्याची दाढ नुकतीच काढली होती आणि तासभर त्याला बोलायची बंदी होती.

"अहो, आज तरी मधे बोलू नका! बघा, टेकडीवरून आणलेल्या या दगडात पानांच्या चुऱ्याचे आणि काटक्यांचे नुसते ठसे. लाखो वर्षांपूर्वी तिथे नदीच होती."

"हूं हूं!"

"म्हणे तळं! तळ्यात पानं अख्खी राहतात, कबूल. पण तुम्ही अख्खी तेवढी कपाटात ठेवलीत आणि चुरा कचरा म्हणून फेकलात. मग तळंच दिसणार ना!"

नवऱ्याने एक बोट वर केलं.

"एकच दगड? पिशवीभर आणलेत! खडकातून फोडून काढायच्या आधी प्रत्येकावर खडूने उत्तरेचा बाण काढलाय. आता बाण जुळवून मांडते हं."

बाक दगडांनी भरला. साऱ्या काटक्या विंचरल्यासारख्या एकाच दिशेला होत्या.

"वाहत्या पाण्याशिवाय कोण लावणार अशा?"

"पुढचं कोण?" आतून हाक आली.

"थांबा हो जरा!" शिंपीणबाई ओरडल्या.

नवऱ्याने तोंडातला कापूस काढला.

"नदी."

"ऐकलंत ना, बाई? तुम्ही साक्षीदार! आणि अहो, घाला तो कापूस परत."