लांबूनच छान

दीपगृहाच्या खिडकीपुढे रांग खोळंबली होती. आतल्या तिकीटवाल्या बाईंना मात्र घाई नव्हती, कारण समोरचे नवरा-बायको चांगलेच रंगात आले होते.

"अहो, चला ना वर."

"कशाला? इथून दिसतंय की सगळं."

"किल्ला होडीतूनच दाखवलात."

"लांबूनच छान दिसत होता."

"गुहेशी गाडीतून उतरलासुद्धा नाहीत."

"आत काय, नुसता अंधार!"

"आणि समुद्र? तो खोलीच्या गॅलरीतून!"

"पाय कोरडे राहिले, ते बोल ना."

"लग्नाआधी मलाही लांबूनच पाहिलं होतंत."

"हो. छान दिसत होतीस."

तिकीटवाल्या बाईंनी हसू दाबलं. "किती देऊ?"

"एकच द्या. अहो, तुम्ही बसा त्या बाकावर. मी वरून बघते, लांबून तुम्ही तरी छान दिसता का ते."